बुडखे कापलेली अळंबी

अळंबी मी अगदी स्वच्छ करून घरी आणली, तिथंच चुकलो. बायकोला स्वयंपाकघरात मातीचा कण चालत नाही. म्हणून लिंबागणेशच्या डोंगरात प्रत्येक अळंबी चाकूनं जमिनीलगत कापली, पंच्यानं पुसली आणि पांढरीशुभ्र पिशवी ओट्यावर ठेवली. श्रावणामुळं मटण बंद. त्यात बायकोचा भाऊ जेवायला आलेला. त्याला मटणासारखा झणझणीत रस्सा मिळावा, एवढीच माझी हौस.

बायकोनं पिशवीत हात घातला. "बुडखे कावून कापले?"

"माती होती."

"आन् आता वळखू कशी?"

ती डोंगराकडची, मी माजलगावच्या उसातला. वारुळावरच्या खायच्या अळंबीचं मूळ खोल वारुळात गेलेलं असतं आणि विषारीच्या बुडाशी मातीत वाटीसारखं काहीतरी असतं, हे मला ओट्यापाशी उभं राहून कळलं.

"वारुळावरचीच हाय ना पण?" तिनं विचारलं.

वारूळ होतं. पण शेजारच्या झुडपाखालीही अळंबी होती. ती घेतली, का नुसती बघितली? घेतली असावी. नसावीही.

"दाजी, लसूण टाकून उकळा," मेहुणा म्हणाला. "काळा पडला तर विषारी."

उकळली. लसूण पांढराच. "वाढा आता! लई भूक लागली," मेहुण्यानं घाई केली.

"लसणाला काय कळतंय रे दादा?" बायकोनं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं.

मी पिशवीत उरलेल्या अळंबीचे फोटो काढून मोबाइलवरच्या अळंबी ओळखणाऱ्या ॲपात टाकले. वरून काढला तर खायची निघाली, खालून काढला तर विषारी. तीच अळंबी! डोकं चालेना, तेव्हा मेहुण्याला तसाच उपाशी ठेवून पुन्हा डोंगरात गेलो. कापल्याच्या खुणा दोन्हीकडे होत्या. झुडपाखाली उकरलं, तर बुडाशी वाटी. आता पिशवीतली कुठली कुठली, ते देवालाच ठाऊक.

पातेल्यातली, पिशवीतली, सगळी अळंबी शेळ्यांच्या तोंडी लागू नये म्हणून खोल खड्ड्यात पुरली. मेहुण्यानं पिठलं-भाकरी खाल्ली आणि तोंड पाडून गाडीला किक मारली.

तो गेल्यावर मी म्हणालो, "तू आडवलं नसतं तर वाढलीच असती मी. पाहुणा म्हणून पहिली वाटी त्यालाच."

"म्हणूनच आडवलं," बायको पातेलं घासता घासता म्हणाली. "भाऊ एकच हाय मला."