पहिल्या घंटेचा उशीर

बेळगावात एका लहान कंपनीत मी कारखान्यांच्या यंत्रांसाठी कंट्रोलर बनवते. सर्किटचं काम दुसरे बघतात, चिपच्या आत चालणारा प्रोग्राम मी लिहिते. वीसेक वर्षं हेच करते आहे. त्यामुळे शाळेसाठी घंटेचं यंत्र करून दे, असा फोन आला तेव्हा मी दोन रविवारांचं काम समजून हो म्हटलं.

फोन माझ्या वर्गमैत्रिणीचा होता. निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या ज्या मराठी शाळेत आम्ही दोघी शिकलो, तिथेच ती आता मुख्याध्यापिका आहे.

"आमची पहिली घंटा रोज मागं-पुढं होतीया गं," ती म्हणाली. "तपासणीला साहेब आलते. घड्याळ दाखवून गेले. त्यात हजेरी आता मोबाइलवर भरायची, एकदा पाठवली की बदलता येत न्हाय. ऑटोमॅटिक काहीतरी कर बाई."

"आप्पा आहेत ना अजून?"

"हाईत. पण दमल्यात आता. पुढच्या उन्हाळ्यानंतर रिटायर."

आप्पा म्हणजे शाळेचे शिपाई. आम्ही आठवीत होतो तेव्हा ते नवीन लागले होते. पितळी घंटा आणि लाकडी हातोडा तेव्हापासून त्यांच्याच ताब्यात.

यंत्र करण्याआधी मोजमाप घ्यायचं, ही माझी पद्धत. मी एक माइक लावलेला छोटा बोर्ड ऑफिसच्या खिडकीत बांधला. घंटा वाजली की तिची वेळ इंटरनेटवरून बेळगावात माझ्या घरी यायची. तिथे पोटमाळ्यावर एक जुना संगणक सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू असतो. तीन आठवडे नोंदी घेतल्या. दिवसाला आठ घंटा. त्यांतल्या सात अगदी मिनिटाला धरून. फक्त सकाळची पहिली, पावणेदहाची, कधी वेळेवर, कधी चार मिनिटं उशिरा, एकदा तर अकरा. मी आलेख काढला आणि पहिल्या घंटेच्या रांगेपुढे लिहिलं: मानवी चूक.

मग यंत्र केलं. एक बोर्ड, विजेची घंटा चालू-बंद करणारा रिले, आणि वीज गेली तरी वेळ न विसरणारी घड्याळाची चिप, नाण्याएवढ्या सेलवर चालणारी. चाचणीच्या वेळी त्यात एक बटण होतं. ते दाबलं की पुढची घंटा थांबायची, सोडलं की वाजायची. शेवटच्या आवृत्तीत मी ते काढलं. शाळेत बटण ठेवलं तर मुलं दिवसभर दाबत बसतील, असा माझा हिशोब. बदलाची नोंद ठेवायची शिस्त मला आहे, म्हणून तीही ठेवली: हाताने थांबवण्याची सोय काढली.

बसवायच्या दिवशी छोटा कार्यक्रम झाला. मला शाल दिली. मी माइकवर सांगितलं की आठवी ते दहावी मी अकरा किलोमीटरवरून बसने येत होते आणि तीन वर्षांत एकदाही उशीर झाला नाही. ही गोष्ट मी आमच्या ऑफिसातही सांगते, नवीन मुलं उशिरा आली की.

कार्यक्रमानंतर आप्पा यंत्राजवळ आले. बराच वेळ पेटीकडे बघत होते.

"हे आपोआप वाजणार?"

"आपोआप."

"आणि थांबवायचं असलं तर?"

"थांबवायचंच नाही, आप्पा. म्हणून तर बसवलंय!"

सगळे हसले. आप्पाही हसले आणि हातोडा कपाटात ठेवायला गेले.

सात-आठ महिन्यांनी, जानेवारीत, रिले अडकायला लागला म्हणून मी तिकडे गेले. लवकर पोचले होते. आप्पा गेटजवळ खुर्ची टाकून बसले होते, त्यांच्याशेजारी दुसऱ्या खुर्चीवर मी बसले. पावणेदहाला घंटा वाजली. आप्पा उठले आणि गेट लावलं. तीन मिनिटांनी रस्त्याच्या वळणावर बस दिसली. चार मुली उतरल्या आणि पळत आल्या. गेटपाशी येऊन थांबल्या. आत प्रार्थना सुरू होती. त्यांनी कुणाला हाक मारली नाही, गजांना हात लावला नाही. सवय असल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"ह्यांना रोज उशीर होतो?"

"पावसात आठवड्याला दोन-चारदा, हंगामात रोजच म्हण. उसाच्या ट्रॉल्या आडव्या असत्यात पुलावर. बस काय वरनं उडून येणार हाय?"

"मग हजेरी?"

"गेली. प्रार्थनेच्या रांगेतच भरून पाठवत्यात. सकाळची गैरहजर. मोबाइलवर पाठवून झाली की मॅडमांच्याबी हातात काय न्हाय."

"आधी काय करायच्या?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "आधी मी होतो की."

मला लगेच कळलं नाही. ते सावकाश बोलले, लहान पोरीला सांगतात तसे. "बस वळणावर दिसल्याबगर मी टोल देत नव्हतो. तुम्ही पोरी पळत गेटात आला, की हिकडं घंटा. बाजाराच्या दिवशी जास्ती थांबायला लागायचं."

"आम्ही पण?"

"मग तू कशानं येत हुतीस गं? सांबऱ्याला विमानतळ हाय म्हणून काय विमानानं?"

मी त्यांना विचारलं, यंत्र बसवलं त्या दिवशी हे का नाही सांगितलंत? विचारायला नको होतं.

"इचारलं हुतं की," ते म्हणाले. "थांबवायचं असलं तर, म्हणून. तू म्हणालीस, थांबवायचंच न्हाय."

तेवढ्यात प्रार्थना संपली आणि त्यांनी गेट उघडलं. मुली आत जाताना आप्पा म्हणाले, "ह्या चार ऱ्हायल्या. पाच हुत्या. दहावीतली एक दिवाळीपासनं येत न्हाय."

मी मैत्रिणीच्या खोलीत गेले. तिचं घर शाळेच्या मागेच होतं, ती जन्मात बसने शाळेला आली नव्हती. बसचं आणि घंटेचं तिलाही ठाऊक नव्हतं. ऐकून ती म्हणाली, "पण साहेब परत आले तर?"

"साहेबांना गाडी आहे."

"तुला बोलायला काय जातंय गं. सही मी करतो."

"हजेरी सव्वादहाच्या आत पाठवायची. पाच-दहा मिनिटं घंटा थांबली तर काय अडतं?"

"काय न्हाय अडत," ती म्हणाली. मग स्वतःशीच पुन्हा, "काहीच न्हाय."

लॅपटॉप गाडीत होता. जुनी आवृत्ती उघडली, काढलेल्या ओळी परत आणल्या. सात ओळी होत्या. हत्यारांच्या डब्यात एक स्विच सापडला, तो पेटीला भोक पाडून बसवला. जास्तीत जास्त पंधरा मिनिटं घंटा थांबेल अशी मर्यादा घातली, आणि थांबवल्याची नोंद माझ्या सर्व्हरवर येईल अशी सोय केली. रिलेसकट सगळं तासाभरात झालं. बटणाचं काम त्यातलं वीस मिनिटांचं.

दुपारी आप्पांना गाडीत घेऊन त्या पाचव्या मुलीच्या वस्तीवर गेले. ती सोप्यात शिवणयंत्रावर होती. आई उंबऱ्याजवळ शेंगा फोडत बसली होती. आप्पांनीच सुरुवात केली.

"पोरी, उद्यापासनं ये बघ. आता घंटा थांबती. ह्या बाईंनी बटण लावलंय."

"कधी?"

"आज सकाळी."

तिने शिवत होती ती बाही घडी घालून मांडीवर ठेवली. "आधी लावता येत नव्हतं?"

आप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, "येत होतं. होतंच आधी. मी काढलं."

"का?"

"मुलं दाबतील म्हणून."

तिला हसू आलं. "दाबलं असतं आम्ही," ती म्हणाली.

मग आई बोलली. रोज पोरगी गेटाबाहेर उभी, रोज गैरहजरची चिठ्ठी. तिचा बाप म्हणाला, जाऊन बाहेरच उभं ऱ्हायचं तर जायचं कशाला. पोरगीही कंटाळली. आता दहावीच्या परीक्षेला लागते तेवढी हजेरी भरत नव्हती. हे मैत्रिणीने मला निघतानाच सांगितलं होतं, यंदा काही करता येणार नाही. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बाहेरून बसता येतं, फॉर्मचं मी बघते. मुलीने मापं लिहायच्या वहीत माझा नंबर लिहून घेतला. खाली रेघ ओढली, जशी गिऱ्हाइकाच्या नावाखाली ओढत असेल.

बेळगावला आल्यावर सर्व्हरवरची ती जुनी नोंद काढली. शेजारी कॅलेंडर ठेवलं. एक अकरा सोडला तर उशिराचे मोठे आकडे सगळे बाजाराच्या दिवसांचे होते. अकरा मिनिटं झाली त्या दिवशी, नंतर आप्पांनी सांगितलं, बसचं टायर फुटलं होतं. सात घंटा मिनिटाला धरून देणारा माणूस नेमका पहिल्याच घंटेला कसा चुकेल, एवढं मी स्वतःला विचारायला हवं होतं. कारखान्यात एखाद्या सेन्सरने असं दाखवलं असतं तर मी कारण सापडेपर्यंत जेवले नसते.

मार्चअखेरपर्यंत रोज सकाळी सर्व्हरवर दिसायचं: थांबवली, चार मिनिटं. थांबवली, सहा मिनिटं. चौघींची हजेरी पूर्ण भरली. पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि आप्पा रिटायर झाले.

जूनमध्ये मी फॉर्मसाठी वस्तीवर फोन केला. आईने उचलला. ती मुलगी, त्यांची थोरली, इचलकरंजीला मामाकडे गेली होती, शिवणाच्या कामाला. परीक्षेचं काय, विचारलं तर म्हणाली, "तिचं आता ऱ्हाऊ दे बाई. तिथं बरं चाललंय." फोन ठेवायच्या आधी तिनेच विचारलं, "ते बटण हाय न्हवं अजून? धाकटी आठवीला बसलीया. सोमवारपासनं त्याच बसनं जाणार."

मी हो म्हटलं आणि लगेच मैत्रिणीला फोन लावला. आप्पांच्या जागी एजन्सीकडून नवा माणूस आला होता.

"त्याला बटण दाखवलंस का?"

"अगं, चार दिवस झाले त्याला येऊन. कुठलं दाखवू आणि काय. सांगतो की."

सोमवारी मी रजा टाकली. पहाटेच्या गाडीने निघून धाकटीच्या फाट्यावर उतरले आणि तिच्याबरोबर शाळेची बस धरली. नवी वही, नवं दप्तर, केसांना तेल. पुलाचं काम निघालं होतं, बस तिथे थांबली ती थांबलीच. वळणावर आलो तेव्हा पावणेदहा होऊन सहा मिनिटं झाली होती. मुली उतरून पळाल्या, मीही पळाले.

घंटा वाजून गेली होती, गेट बंद होतं. आत प्रार्थना सुरू होती. बाकीच्या मुली आपापल्या जागी उभ्या राहिल्या. धाकटीने गेटकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.