देव न मानणाऱ्यांचा बोर्ड

खालाचा, म्हणजे मावशीचा, मुलगा माझ्याहून तीन वर्षांनी लहान. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघं एकाच पेंटरकडे बोर्ड रंगवायला शिकलो. अक्षर माझं चांगलं होतं. ही माझी बढाई नाही, उस्तादच तसं म्हणायचे. त्याच्या ‘क्ष’चं पोट कायम सुटलेलं असायचं. पुढे मी दुबईला आलो आणि तो बायकोच्या नोकरीमागून अमेरिकेत गेला. ब्रश दोघांचेही सुटले, मशीन आलं. दुबईच्या देरा भागातल्या एका प्रिंटिंगच्या दुकानात मी सव्वीस वर्षं नोकरी करतोय. तिकडे एका लहानशा शहरात त्याचं स्वतःचं दुकान आहे.

गेल्या नोव्हेंबरात गावी जाताना दुबईत त्याचा नऊ तासांचा थांबा होता. मी त्याला मेट्रोने थेट दुकानातच आणलं. इथला नॅशनल डे जवळ आला होता, त्यामुळे सकाळपासून मशीनवर झेंडेच चालू होते. लाल पट्टा उभा, मग हिरवा, पांढरा, काळा. या कामात मी कुणाला हात लावू देत नाही. रंग जरासा फिका आला तरी मी अख्खा रोल बाजूला काढतो.

तो मशीनपाशी उभा राहून बघत होता. म्हणाला, “भाई, आत्तापर्यंत किती झेंडे छापले असशील?”

“मोजतो कशाला?”

“आणि पासपोर्ट?”

“आपलाच. भारताचा, निळा.”

तो हसला. चार वर्षांपूर्वी उजवा हात वर करून त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. त्याने सहज विचारलं असेल, पण मला लागलं. माझी तक्रार नाही. या मुलखाने आम्हाला खाऊ घातलं. माझी मुलगी इथेच जन्मली, शाळेत रोज सकाळी इथलं राष्ट्रगीत अरबीत म्हणते, आणि मी शब्द विचारले की “अब्बा, यू वोन्ट गेट इट” म्हणते. तरी दर दोन वर्षांनी व्हिसाचा शिक्का नवा झाला की मी श्वास सोडतो. ते त्याला काय कळणार?

दुपारी आम्ही शेजारच्या केरळी हॉटेलात जेवायला बसलो. मासा येईपर्यंत त्याने मोबाइल पुढे केला. एका हायवेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन मोठे बोर्ड होते. एकावर लिहिलं होतं, ‘देवाविना हा देश नाही’. दुसऱ्यावर, ‘देवावर विश्वास नाही. देशावर प्रेम आहे.’ झेंडा दोन्हीवर तोच.

“दोन्ही मीच छापले,” तो म्हणाला.

“दोन्ही?”

“आधी हा, देव न मानणाऱ्यांचा. चर्चचा पाद्री माझं जुनं गिऱ्हाईक. म्हटलं, आता हा काही परत येत नाही. तर तो दुकानात आला आणि म्हणाला, काम स्वच्छ आहे. आता माझा याच्यासमोर लाव, याच साइजचा. फक्त अक्षर थोडं मोठं घे.”

“कुणी फाडला नाही?”

“फाडला ना. आठ दिवसांतच. मग पाद्र्याने रविवारी चर्चमध्ये सांगितलं, त्या बोर्डावर लिहिलंय ते मला साफ चुकीचं वाटतं, पण फाडणाऱ्याने माझं नाव घेऊ नये. आम्ही दुसरा छापून लावला.” त्याने पापडाचा तुकडा मोडला. “सगळं गोड नाही हां, भाई. चार गिऱ्हाइकं तुटली. घरासमोरची बाई अजून माझ्या बायकोशी बोलत नाही.”

त्याने पुढचा फोटो दाखवला. त्यात तो स्वतः देव न मानणाऱ्यांच्या बोर्डाखाली हातात छोटा झेंडा घेऊन उभा होता, सात-आठ गोऱ्या माणसांसोबत.

“तू काय करतोयस यांच्यात?”

“मी त्यांच्यातलाच आहे, भाई. बरीच वर्षं झाली.”

मी पाच वेळ नमाज पढणारा माणूस. मला राग यायला हवा होता, निदान दुःख तरी. ते पुढे झालंही. पण त्या क्षणी आला तो हेवा, आणि तो इतका कडवट होता की समोरचा मासा मला गिळवेना. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं छापली. प्रत्येक वाक्य मंजुरी घेऊन आलेलं, आणि त्यांतलं एकही माझं नाही. आणि हा, पोट सुटलेला क्ष काढणारा, भर रस्त्यावर मोठ्या अक्षरांत आपल्या मनातलं सांगतो, समोरचा तेवढ्याच मोठ्याने नाही म्हणतो, आणि देश दोघांनाही आपलं म्हणतो!

“छान आलाय फोटो,” मी म्हणालो. “मला पाठव.”

त्याने खुशीत पाठवला.

त्याला एअरपोर्टवर सोडून मी घरी जायला शारजाची बस धरली आणि रोल्लाचा स्टॉप येईपर्यंत तो फोटो खानदानाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आपल्या अमेरिकावाल्याची कामगिरी बघा.’ बोर्डावरच्या इंग्रजीचा मराठी अर्थही दिला, कुणाला कळायचं राहू नये म्हणून.

घरी पोचेपर्यंत पन्नासेक मेसेज आले होते. कुणी तौबा केली, कुणी अल्ला त्याला अक्कल देवो म्हणालं. एका मामूने विचारलं, याला आता घरात घ्यायचं की नाही? मी प्रत्येक मेसेज दोनदा वाचला. बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालाचा फोन आला. ती ग्रुपवर नाही. शेजारच्या पोरीने तिला दाखवलं होतं.

“फोटो तू टाकलास?”

“हो खाला. मला फार वाईट वाटलं म्हणून—”

“तो मला तीन वर्षांपूर्वीच बोललाय,” ती म्हणाली. “पंधरा दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. मग घेतला. मी त्याच्यासाठी दुआ मागते, त्याला ठाऊक आहे. तो मला मागू नको म्हणत नाही. आत्ता इथे मी नमाजला उभी राहिले तर त्याने टीव्ही बंद केला. आमचं आम्ही बघतोय. तू मधे कशाला आलास?”

मी फोन घेऊन दुकानाबाहेर आलो.

“लहानपणी त्याला नवी चप्पल आणली की तू तीन दिवस जेवायचा नाहीस,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

फोटो काढून टाकायला गेलो, तर तो तोवर तीन दुसऱ्या ग्रुपांवर पोचला होता. मी ग्रुपवर लिहिलं, ‘मी जळून टाकला होता.’ ते पुसलं. मग लिहिलं, ‘न विचारता टाकला. चूक माझी.’ तेवढंच पाठवलं.

परतीच्या वाटेवर त्याचा पुन्हा दुबईत थांबा होता. तो एअरपोर्टच्या बाहेर आला नाही. आतूनच फोन केला.

“रागावलास?” मी विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “मामूने दारातून परत पाठवलं मला. थोडे दिवस बोलायला नको, भाई.”

पुढे चार महिने तो बोलला नाही. ईदच्या दिवशी मी नमाजहून परतलो तेव्हा त्याचा फोन आला. “ईद मुबारक, भाई,” तो म्हणाला. भाभीने काय काय केलंय ते त्याने विचारलं, मी सांगितलं. सांदणाचं नाव ऐकून तो हळहळला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, “खलास. आता नको.”

माझी अम्मी मी इकडे असताना गेली. तिला न पटणारी एकही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती, आणि याचा मला तोवर अभिमान होता. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. फक्त आता तो नुसता अमेरिकेचा राहिला नव्हता; त्याने खालाला खरं सांगितलं, त्याचाही होता.