दादाने आधीच रंगवून घेतलेला बोर्ड

गुरुवार, संकष्टी. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधला दवाखाना. हजर : माझा थोरला भाऊ दादा, त्याची एकुलती मुलगी मृणाल, आणि बदलापूरहून हाफ डे टाकून आलेली मी. दादाशी माझं ते शेवटचं बोलणं, आणि ते भांडण होतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. ते काम बाकीच्यांनी शोकसभेत पुरेसं केलंय.

मृणालला पीजीची सीट लागली होती. मानसोपचाराची, तिने स्वतः मागितलेली. दादाला हवी होती स्किन. तरुणपणी त्याने त्यासाठी तीनदा परीक्षा दिली, तिन्ही वेळा सीट हुकली, आणि मग जन्मभर ताप-खोकल्याचा दवाखाना चालवत तो ती मिळालेल्यांवर जळत राहिला. बरोबरचा एक मित्र कल्याणला त्वचेचा मोठा डॉक्टर झाला. त्याचं नाव घरात घ्यायची सोय नव्हती, तो ‘क्रीमवाला’. जीन्स धुण्याच्या कारखान्यातली माणसं सोललेले हात घेऊन यायची, ते हात मात्र दादा दिव्याखाली धरून निरखून बघायचा... आणि त्या दिवशी घरी सगळ्यांवर खेकसायचा.

मृणाल एमबीबीएस करत असतानाच त्याने शेजारच्या पेंटरकडून बोर्ड करून घेतला. वर ‘डॉ. मृणाल’, खाली ‘त्वचारोगतज्ज्ञ’.

“डॉक्टरसाब, पहले सीट तो आने दो,” पेंटर म्हणाला.

“तू अक्षरं बघ,” दादा म्हणाला, आणि तपासणीच्या टेबलासमोरच्या भिंतीवर त्याने तो स्क्रूने पक्का बसवला. पोरीने त्या बोर्डाखाली बसून अभ्यास केला. पीजीच्या परीक्षेत पहिल्या खेपेला मार्क कमी पडले, तेव्हा तो तिच्याशी आठवडाभर बोलला नाही. वहिनी असती तर बोलली असती, पण ती आधीच गेलेली.

त्या गुरुवारी तो तिला म्हणाला, “ही सीट सोड. पुढच्या वर्षी पुन्हा बस.”

“ती बसणार नाही,” मी म्हटलं.

“वंदे, तू कंपनीतली हजेरी तपास. डॉक्टरीच्या ब्रांचमधलं तुला काय कळतंय? वेड्यांची डॉक्टरीण व्हायचंय हिला!”

“बरंय की. सुरुवात घरातूनच करता येईल.”

मृणाल फिसकन हसली. तिथे तो भडकला.

“आधी तो बोर्ड काढ,” मी म्हटलं.

“मी आहे तोवर तो हलणार नाही!”

सोमवारी सकाळी अंबरनाथच्या घरी तो झोपेतच गेलेला आढळला. अग्नी मृणालने दिला. कॉलेजात रुजू व्हायची मुदत बुधवारी संपत होती. गावाकडचे, चामटोलीचे आमचे काका दारातच बसले होते. “अग्नी दिलेल्यानं दहा दिस उंबरा वलांडायचा नाय. आन् बापाच्या मनात तरी कुठं होतं?”

“काका, सीट दहा दिवस थांबत नाही. मागे रांग आहे.”

मृणाल आतून म्हणाली, “आत्या, बाबांचं माझ्याशी शेवटचं बोलणं तेच झालं... सोड म्हणाले.”

“तो कायम तेच म्हणाला असता. दहा वर्षांनीसुद्धा. ओरिजिनल कागद घे आणि चप्पल घाल.”

ती उठली. काकांनी वाट सोडली नाही, म्हणून आम्ही मागच्या दाराने गेलो. ती रुजू झाली. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. मलाही त्याची घाई नाही.

दवाखान्याची जागा महिनाअखेर मालकाला परत द्यायचीय. उरलेली औषधं गेली, टेबल गेलं, मीटर बंद करायचा अर्ज गेला. पेंटर म्हणतो, “मॅडम, नाम रहने दो, नीचे की लाईन बदल देता हूं.” मृणालला ते चालणार आहे, फक्त बोर्ड काढून त्याच्याकडे पोचवायचा. दोन रविवार मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले. स्टुलावर चढले की वाटतं, आता मागून दादा ओरडणार... आणि मी उत्तर तयार ठेवून तशीच उभी राहते.

बोर्ड उतरवायचा राहिलाय.