गच्चीवरून गच्चीवर इंटरनेट

खांब उभा केला त्या दिवशी आभाळ राखाडी होतं. पाऊस नव्हता, पण तळ्याकडून असा वारा सुटला होता की दोरीवरचे टॉवेल आडवे झाले होते. बेंगळुरात आषाढ असाच असतो. चार माणसांनी खांब धरला होता, तरी तो डुलत होता.

तेव्हापासून किस्से साचत गेले. रंगाच्या डब्याच्या काठाला रंग साचतो ना, तसे. काम चालू असताना लक्षात येत नाही. डबा रिकामा झाला की दिसतं, केवढा थर बसलाय!

मी चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली. शाळा दुसरीतच सुटली. मुलगी सुधा मात्र शिकली, व्हाइटफील्डला मोठ्या ऑफिसात लागली, आणि यंदा ती नोकरी सोडून घरी आली. म्हणाली, "अप्पा, आपण लोकांना इंटरनेट द्यायचं. वायर न ओढता. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर."

आमची वस्ती हेब्बाळच्या पलीकडे, तळ्याच्या खोलगट अंगाला. इथे फोनला रेंज नाही, आणि वायरवाले नुसते येतो येतो म्हणतात.

"यात माझं काय काम?" मी विचारलं.

"गच्च्या, अप्पा!"

ते बाकी खरं. कुठल्या गच्चीची किल्ली कुणाकडे, कुठल्या जिन्यात कुत्रा झोपतो, कोण मालक चहा दिल्याशिवाय वर सोडत नाही, हे मला पाठ आहे.

*

खांब उभा राहतोय तोवर शेजारच्या गच्चीवर शारदम्मा आल्या. तीस वर्षांच्या शेजारीण. नवरा गेला, मुलगा लंडनला, खाली त्या एकट्या आणि वर भाडेकरू.

"अण्णा, वीज पडेल ती तुमच्या खांबावर, आणि जळेल माझं घर!"

सुधाचा भागीदार पंकज नागपूरचा. समजावण्याची त्याला फार हौस. तो पुढे झाला. "अक्का, ही तार बघा. वीज पडली तर ही तिला सरळ जमिनीत नेते."

"कुणाच्या जमिनीत? तुमच्या की माझ्या?"

पंकज तारेचं टोक शोधायला लागला!

पुढच्या आठवड्यात त्यांनी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, खांब काढा म्हणून. सुधाचा चेहरा उतरला. आमचा खांब म्हणजे मूळ, बाकीच्या गच्च्या त्याच्या फांद्या. हा पडला तर सगळंच पडणार, आणि तिला परत व्हाइटफील्डची वाट धरावी लागणार.

ती शारदम्मांवर चिडली. मी म्हटलं, "चिडू नकोस. एकट्या माणसाला घराचीच सोबत असते. घराला काही होईल म्हटलं की भीती वाटणारच."

त्यांच्या वरच्या भाडेकरूनं आमचं कनेक्शन घेतलं. शारदम्मांनी काही घेतलं नाही.

*

पंकज लॅपटॉपवर नकाशा काढून सांगायचा, या गच्चीवरून ती गच्ची दिसते की नाही. मध्ये काही आडवं आलं तर नेट जात नाही. एकदा म्हणाला, "काका, रस्त्यापलीकडचं अपार्टमेंट एकदम क्लिअर! मध्ये फक्त ते लग्नाचं कल्याण मंटप आहे, आणि त्याची गच्ची आपल्यापेक्षा खाली."

मी म्हटलं, "तिथे जोडू नकोस. जाईल."

तो हसला. जोडलं. महिनाभर झकास चाललं.

श्रावण लागला, इकडे आषाढ संपला की लग्नं सुरू होतात, आणि एका सकाळी अख्खं अपार्टमेंट बंद. पंकज लॅपटॉप घेऊन गच्चीवर धावला आणि बघतच राहिला. मंटपाच्या गच्चीवर जेवणावळीसाठी पत्र्याचा उंच मांडव चढला होता. लग्न म्हटलं की तो चढतोच, मी तो हॉल तीनदा रंगवलाय.

"काका, हे सॉफ्टवेअरमध्ये येतच नाही!"

मी म्हटलं, "पंचांगात येतं."

*

दुसरा किस्सा कोपऱ्यावरच्या घरातल्या मराठी आज्जींचा. त्यांच्या गच्चीवर आमची एक डिश. तिथून पुढच्या गल्लीला नेट जायचं. ते रोज अकराला जायचं आणि एकला यायचं. सुधानं मशीन बदललं, केबल बदलली, कंपनीला मेल लिहिले. आठ दिवस जेवणात तिचं लक्ष नव्हतं.

मी काही न बोलता आज्जींच्या गच्चीवर जाऊन टाकीच्या सावलीत बसलो. अकरा वाजता आज्जी नऊवारी पिळून घेऊन आल्या आणि डिशवर नीट पसरवून टाकली. ओल्या कापडातून काय जाणार?

"आज्जी, तिथे का वाळत घालता?"

"अरे, सुरकुती पडत नाही! आकार किती छान आहे तुझ्या थाळीला!"

मी घरून दोरी आणून त्यांना बांधून दिली. सुधाला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, "अप्पा, मी आठ दिवस स्क्रीन बघत होते."

*

पुण्याहून आलेला एक मुलगा अपार्टमेंटमध्ये राहतो. कनेक्शन घ्यायच्या आधी मलाच प्रश्न! "काका, स्पीड किती? अपटाइम किती? बॅकअप काय?"

मला यातलं काही कळत नाही. मी म्हटलं, "बाळा, बंद पडलं तर मी येतो."

"तुम्ही येऊन काय करणार?"

"येतो. चालू होईपर्यंत बसतो."

त्यानं घेतलं. दोनदा बंद पडलं. दोन्ही वेळा मी जाऊन बसलो. दुसऱ्या वेळी त्यानं पोहे केले. नेट मधेच आलं, पण मी पोहे संपवूनच उठलो.

*

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा आली. आदल्या संध्याकाळी वॉर्ड ऑफिसचा निरोप मिळाला होता, दसरा झाला की दुसऱ्या दिवशी खांब बघायला माणूस येतोय. सुधा रात्री नीट जेवली नाही. सकाळी पूजेसाठी बसवनगुडीला मावशीकडे गेली.

आमच्याकडे या दिवशी रिक्षापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना हार. मी खांब धुतला, हळदकुंकू लावलं, झेंडूचा लांब हार खालपासून वरपर्यंत गुंडाळला, कोहळा फोडला. चाळीस वर्षं या दिवशी मी ब्रश आणि शिडीला पूजा केल्यावर हात लावत नसे. हत्यारानं एक दिवस विसावायचं असतं.

म्हणून मेन स्विच बंद केला आणि हात जोडले.

पाच मिनिटांत पंकज धापा टाकत वर आला. "काका, सगळ्या गच्च्या गेल्या! लाइट गेली का?"

"नाही रे. मी बंद केलं. आज हत्यार चालवत नाहीत."

तो टाकीच्या पायरीवर मटकन बसला. "बाप्पा! काका, लोकांच्या मीटिंग चालू आहेत जी!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा ब्रश थांबला तर माझंच काम थांबायचं. हे हत्यार मात्र माझ्या गच्चीवर असून दुसऱ्यांच्या हातात आहे. परवा खांब बघायला येणारा माणूस विचारेल, काही तक्रार आहे का, तेव्हा आज बंद पडलेले सगळे काय सांगतील?

मी स्विचकडे वळलो तोच शेजारच्या गच्चीचं दार वाजलं. शारदम्मा. हातात मोबाइल. पंकज उठून उभा राहिला. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं.

त्या कठड्यापाशी आल्या. खांबाकडे खालपासून वरपर्यंत सावकाश बघितलं. मग मोबाइलकडे बघितलं, परत खांबाकडे.

म्हणाल्या, "अण्णा, हार छान दिसतोय. आता स्वल्प, जरा चालू करा की! लंडनला नात शाळेला निघेल, वरच्या भाडेकरूच्या नेटवरून तिला आपला खांब दाखवायचाय."