डाव्या चाकाचा आवाज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही. आणि तिच्यापासून एरवी मला फारसं काही लपवता येत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या आईला ओळखत नव्हता, म्हणून असेल. तिला ओळखणाऱ्या कुणाच्या नजरेला नजर देऊन हे बोलणं मला जमणार नाही.

गोष्ट गाडीच्या आवाजाची आहे. हसू नका — निदान आत्ताच नको.

दोन हजार सात साल असेल. मी हिंजवडीत नोकरीला होतो आणि आम्ही भुकूमला नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. वडील गेल्यावर आई कराडहून आमच्याकडे आली. ती शाळेत संगीत शिकवायची. निवृत्त झाली होती, पण आल्या आल्या सोसायटीतल्या पोरींना गोळा करून तिने पेटी उघडली. संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सतरंजी पडायची आणि सारेगमप सुरू व्हायचं. एखादीचा सूर उतरला की आईचा उजवा हात आपोआप वर उचलला जायचा — वर घे, वर घे. बोलायची गरजच नाही.

तिचा कान फार तिखट. शेजारच्या घरातला पंखा घासतोय, हे तिला भिंतीपलीकडून कळायचं. आणि तिचा मुलगा म्हणून सांगतो — अशा कानासमोर वाढणं सोपं नसतं. मी सिगारेट ओढून आलो तर ती वास घ्यायची नाही, नुसतं "जेवलास का?" विचारायची आणि माझ्या उत्तरावरून ओळखायची. खोटं बोलताना माझा आवाज कुठे घसरतो, ते तिला पाठ होतं. चाळिशीला आलो तरी मी तिच्यासमोर जपूनच बोलायचो.

तर गाडी. मी ऑफिसातल्या एकाची जुनी गाडी घेतली, आईच्या मनाविरुद्ध. "दुसऱ्याने कंटाळून काढलेली गाडी कशाला रे?" एवढंच ती म्हणाली होती. पुन्हा विषय काढला नाही. पण ते माझ्या डोक्यात राहिलं.

रविवारी आम्ही मुळशीच्या धरणाकडे जायचो. आई पुढे माझ्या डावीकडे. मेधा आणि आमची लहानगी सई मागे. पिरंगुटच्या पुढे एका गतिरोधकावरून गाडी उतरली आणि आई म्हणाली, "सुहास, माझ्या पायाखाली काहीतरी वाजतंय बघ. चाक खाली आलं की खट्ट होतं."

"काही नाही गं."

पुढच्या गतिरोधकावर तिने मान तिरकी केली. "हे बघ. आत्ता. डाव्या चाकापाशी."

"आई, मी रोज चालवतो ही गाडी. काही आवाज नाही."

मागून मेधा म्हणाली की खिडक्या उघड्या आहेत, तिला तर काहीच ऐकू येत नाही. ते खरंच होतं. तिला येत नव्हतं.

मला येत होतं.

एवढंच सांगायचं होतं, असं तुम्हाला वाटेल. थांबा, अजून आहे.

मला तो आवाज बरेच दिवस येत होता. सोसायटीच्या फाटकातून हळू वळताना, खड्ड्यात चाक पडताना, ब्रेक दाबताना. खट्ट. मग हो का म्हणालो नाही? म्हटलं असतं तर गाडीच्या बाबतीत ती बरोबर ठरली असती. आणि दुसरं एक कारण — तिचा कान एकदा तरी चुकला, असं म्हणायला मला बरं वाटलं. तिचा चेहरा जरासा गोंधळला आणि मला बरं वाटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर माझं खोटं पकडणाऱ्या बाईला त्या दिवशी ते पकडता आलं नाही. की आलं होतं, आणि तरी तिने माझ्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं?

त्यानंतर ती दर रविवारी आधीपेक्षा हळू विचारायची. "आत्ता वाजलं का रे?" मी म्हणायचो, नाही. मग विचारायची बंद झाली. मेधा मला म्हणाली, आईंच्या कानात काहीतरी वाजतंय बहुतेक, दाखवून आणू या. मीच घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे थोडं कमी झालंय, काळजीचं काही नाही. बाहेर आल्यावर आई "थोडं कमी" एवढंच धरून बसली. सोसायटीत मात्र सगळे म्हणाले, मुलगा आईला किती जपतो.

मग एका सकाळी सईला शाळेत सोडायला निघालो आणि घाटाच्या उतारावर स्टिअरिंग हातात थरथरलं. आता तो आवाज दुर्लक्ष करण्यासारखा राहिला नव्हता. सई मागे पाय हलवत बसली होती. मी गाडी अगदी हळू चालवत तिला शाळेत पोचवलं आणि तसाच भुगावच्या गॅरेजला गेलो.

मेकॅनिकने पुढचं चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. चाक हातात डुगडुगलं. मग खाली वाकून त्याने मलाही दाखवलं — चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या सांध्याची रबरी टोपी फाटली होती. "ही फाटली की चिखलपाणी आत जातंय, ग्रीस धुऊन जातंय, मंग लोखंडावर लोखंड. टोपी फाटल्याली दिसली तवाच बदलायची. हा जॉइंट निसटला असता ना, तर चाक आडवं पडलं असतं, सायेब. तुमी वेळेत आला." उठून हात पुसत त्याने विचारलं, "आवाज कुनाच्या ध्यानात आला?"

मी म्हणालो, "माझ्या."

बघा. तिथेही.

सांधा बदलला, दुसऱ्या बाजूचाही बदलून घेतला. घरी कुणाला काही बोललो नाही. आता आवाज नाही, विषय संपला, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

रविवारी पुन्हा मुळशीकडे निघालो. पहिला गतिरोधक गेला. दुसरा गेला. आई मान तिरकी करून ऐकत होती. मी समोर रस्त्याकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आता तो आवाजही ऐकू येत नाही, सुहास." आणि मग, अगदी शांतपणे, "माझे कान गेले रे."

तिला वाटलं, आवाज तिथेच आहे आणि आपल्यापर्यंत पोचत नाही. किंवा तो कधीच नव्हता. काहीही असलं तरी दोष तिचाच. एक वाक्य पुरलं असतं — आई, तुझं बरोबर होतं, मी दुरुस्त करून आणली. मेधा मागे होती, सई होती. तोंडापर्यंत आलं होतं. मी काय म्हणालो, सांगू?

"बरंच झालं की गं. भास गेला."

त्या आठवड्यात तिने पोरींचा क्लास बंद केला. "चुकीचं शिकवलं तर पाप लागेल," म्हणाली. पोरी काही दिवस दारात येऊन परत गेल्या. वर्षभराने ती कराडला माझ्या थोरल्या भावाकडे राहायला गेली. पेटी तिने तिथल्या शाळेला देऊन टाकली.

एका दिवाळीला आम्ही सगळे कराडला होतो. सईने शाळेतलं गाणं म्हणून दाखवलं. मधल्या एका ओळीवर आईचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला — आणि अर्ध्यावर थांबला. तिने आमच्या तोंडांकडे पाहिलं. कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. तिने हात खाली घेतला, दुसऱ्या हाताखाली ठेवला. गाणं संपल्यावर सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "बरोबर म्हटलं ना रे तिने?"

मी म्हणालो, "हो, आई. बरोबर म्हटलं."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तोवर मी कराडला आणखी दोन-तीनदा जाऊन आलो होतो. तिच्या खाटेजवळ बसलो होतो. तिला सांगितलं नाही.