मंडळाच्या बाईंना सांगितलेलं

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो,

मागच्या पत्रात धाकटीनं लिहिलं होतं, की तिकडे प्राण्यांसाठी झगडणाऱ्या कुठल्याशा संस्थेला तिनं आपलं नाव, पत्ता, वय असं सगळं दिलं आणि आता भलत्याच लोकांची पत्रं दारात येऊन पडतात. थोरल्यानं खाली दोन ओळी खरडल्या होत्या, "आजी, इकडे हे असंच चालतं." तुम्ही दोघं हसलात. मला हसू आलं नाही. इकडेही ते असंच चालायचं, पण मी ते कधी कुणाला नीट सांगितलं नाही. तुमच्या आजोबांनाही अर्धंच ठाऊक होतं. ज्यांना ऐकून वाईट वाटलं असतं ती सगळी माणसं आता गेली, म्हणून लिहिते. क्रमानं लिहिते, म्हणजे तुम्हाला मध्ये अडायला नको.

मी तेव्हा इंग्रजी सातवीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होते. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, नाशिकच्या कोर्टात कारकून होते. गावात कॉलेज होतं, पण त्यात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. मला तिथे जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. आई माझ्या बाजूनं होती. दादा "बघू" म्हणायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. पण त्या "बघू"मध्ये "नाही" नव्हतं, हे आम्हा दोघींना कळत होतं.

त्याच वर्षी गावात स्त्रियांचं एक मंडळ मुलींच्या शिक्षणासाठी उभं राहिलं. सिन्नर-निफाडकडच्या मुलींना कॉलेजात येता यावं म्हणून सरकारनं मुलींचं वसतिगृह बांधावं, ही त्यांची मागणी. मंडळ चालवणाऱ्या बाई एका पेन्शनर अंमलदाराच्या पत्नी. उंच, गोऱ्या, पायांत चपला घालून सभेत ठामपणे बोलणाऱ्या. त्या इंग्रजीत बोलू लागल्या की पुरुष गप्प बसायचे. आम्हा शाळेतल्या मुलींना त्यांचं इतकं वेड होतं, की त्यांच्यासारखी मान वळवायची सवय आम्ही करून घेतली होती.

सरकारला दाखवायला कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींची माहिती हवी होती. त्यासाठी बाई एकेका मुलीला घरी बोलवायच्या. पुढच्या दिवाणखान्यात नाही, मागच्या पडवीत. तिथे निवडायला ठेवलेल्या तुरीच्या डाळीचं सूप बाजूला सारून त्या आपल्या शेजारी बसवून घ्यायच्या. हातात एक कार्ड. नाव, वय, इयत्ता विचारून झाली. मग पोटजात, आणि मग गोत्र.

"गोत्र कशाला, बाई?" मी विचारलं.

"अग, सरकार ते! उद्या कुळकथासुद्धा विचारेल." त्या हसल्या, मीही हसले. मोठे आजार कोणते झाले? मी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी विषमज्वर झाला होता, केस सगळे गेले होते, आता आलेत. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज बदलून म्हणाल्या, "घरात विरोध कुणाचा आहे? खरं सांग. मी प्रत्येकीच्या घरी जाऊन समजूत घालणार आहे, मग कुणाशी काय बोलायचं ते मला कळायला नको का?"

मी घुटमळले. त्या म्हणाल्या, "हे कार्ड आणि मी. तिसऱ्याच्या कानावर जाणार नाही."

मग मी खरं सांगितलं. म्हटलं, दादांचा स्वतःचा विरोध नाही, पण ते थोरल्या काकांना भितात. काकांचं पत्र आलं की दोन दिवस जेवताना बोलत नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. घरी येताना मी इतकी हलकी झाले होते, की आईला म्हटलं, आता बाई येतील आणि दादांना सांगतील.

बाई आल्या नाहीत. महिन्याभरानं येवल्याची माणसं आली.

दादांच्या ओळखीतल्या कुणाची तरी ओळख सांगत आली, म्हणून आईनं पोहे टाकले. एक वकील, त्यांचा मुलगा, आणि वकिलांची बहीण. ह्या आत्याबाई म्हणजे बोलण्याचा कारखाना. चहा आला तरी मला कळलं नव्हतं, की ही माणसं मला बघायला आली आहेत. आईला कळलं असावं, कारण तिनं मला खुणेनं पदर नीट करायला सांगितला.

"चालून दाखवायला नको, वाचून दाखवायला नको," आत्याबाई म्हणाल्या. "आम्ही काही जुन्या वळणाची माणसं नाही. आणि गोत्राचंही बघून झालंय, आमच्याहून वेगळंच आहे. केस छान आलेत हो परत! विषमज्वरात सगळे गेले होते ना?"

आईनं चटकन माझ्याकडे पाहिलं. विषमज्वराचं आम्ही बाहेर कुणाला सांगत नव्हतो. मुलीचा आजार म्हणजे मुलीचा दोष, असा तो काळ.

"आपल्याला कुठून कळलं?" दादांनी विचारलं. अजून ते हसतच होते.

"अहो, तुमच्या मंडळाच्या बाई माझ्या नणंदेच्या चुलत जाऊबाई. म्हटलं, शिकलेली मुलगी हवी, पण घराणं पाहून. त्या म्हणाल्या, थांबा, माझ्याकडे सगळ्या आहेत. चार-पाच जणींची नीट माहिती सांगितली हो, कोण कशी, कुणाचं काय. ही आम्हाला पसंत पडली."

वकील खाकरले. त्यांना बहिणीला थांबवायचं होतं बहुतेक. पण ती थांबणारी नव्हती. दादांकडे वळून अगदी आपुलकीनं म्हणाली, "आणि तुम्ही काळजी करू नका. ते थोरले भाऊ आहेत ना तुमचे, ज्यांना तुम्ही भिता, त्यांना आमचे वकील भेटतील. मुलगीच म्हणाली म्हणे, दादांचं भावापुढे चालत नाही."

दादांनी कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, एवढंच मला आठवतं. पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायला ते स्वतः गेले, टांगेवाल्याला स्वतः हाक मारली. परत आले ते टोपी न काढताच बसले.

त्या स्थळाला त्यांनी दुसऱ्याच दिवशी नकार कळवला. "दुसऱ्याच्या घरातलं बोलणं घेऊन जी माणसं आपल्या घरात येतात, त्यांच्यात मुलगी द्यायची नाही." मला क्षणभर वाटलं, वाचले. मग ते आईला म्हणाले, आणि मी शेजारीच उभी होते, "आणि तिला सांग, कॉलेज नाही. तिच्या दादांचा नकार आहे म्हणून सांग. भावाचा नाही, माझा."

तुम्ही विचाराल, आत्याबाईंना खोटं पाडायला तरी दादांनी मला कॉलेजात पाठवायचं नाही का? मीही कित्येक वर्षं तेच विचारत होते. पण तोवर "बघू" म्हणत राहण्याची सोय त्यांना होती, आणि त्या सोयीच्या आडून मी कॉलेजात गेले असते. आता परक्या बाईनं त्यांच्याच घरात त्यांना भित्रा म्हटलं होतं. मग स्वतःचा म्हणून एक तरी निर्णय त्यांना घेऊन दाखवायचा होता, आणि हाताशी तेवढाच होता.

आई कुणाच्या घरी जाऊन भांडणारी नव्हती. तरी ती मला घेऊन बाईंकडे गेली. ह्या वेळी आम्हाला पुढच्या दिवाणखान्यात बसवलं.

बाई जराही गोंधळल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं. "अहो, सोन्यासारखं स्थळ होतं," त्या म्हणाल्या. "शिकलेल्या मुलींना चांगली घरं मिळतात असं दिसलं, तरच लोक मुली शिकवतील ना? हेही मंडळाचंच काम आहे."

"तुम्ही हिला विचारलंत ते कशासाठी म्हणून विचारलंत?" आईनं विचारलं.

"तिच्या भल्यासाठी."

"तिनं तिचं भलं कॉलेज म्हणून सांगितलं होतं. तुम्ही ते नवरा म्हणून ऐकलंत."

बाईंचा चेहरा लाल झाला. त्या मला म्हणाल्या, "मी येते, तुझ्या वडिलांना भेटते."

"आता नको," आई म्हणाली. "तिचं कार्ड तेवढं परत द्या."

"ते कसं देता येईल? अर्ज वर गेलाय. एकेक नाव मोलाचं आहे, एक काढलं तर बाकीच्यांचं नुकसान. तुला चालेल का ग, तुझ्या मैत्रिणींचं नुकसान?"

येवल्याची माणसं आल्यापासून मला विचारलेला तो पहिलाच प्रश्न. मी उठून दाराशी गेले. पायऱ्या उतरताना आई म्हणाली, "चपला घाल, ऊन आहे."

कॉलेजात जाऊ इच्छिणारी मुलगी म्हणून माझं नाव सरकारकडे राहिलं आणि मी घरी राहिले. पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. तुमचे आजोबा भले होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दादा मात्र येवल्याची माणसं येऊन गेल्यापासून माझ्याशी काही बोलायचं असलं तर आईकडून निरोप द्यायचे. सासरी जाताना त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण बोलले ते जावयाशी.

आणखी एक लिहायला हवं, नाहीतर बाईंवर अन्याय होईल. त्यांचा अर्ज मंजूर झाला. गंगापूरच्या रस्त्याला, तेव्हा तिथे नुसत्या पेरूच्या बागा होत्या, मुलींचं वसतिगृह उभं राहिलं. उद्घाटनाचं आमंत्रण मला सासरी आलं होतं. माझा नवा पत्ता मी मंडळाला दिलेला नव्हता.

मी गेले नाही. ते वसतिगृह अजून आहे आणि त्यात मुली राहतात.