भातात रोवलेल्या काड्या

लेकीनं आधी डबा आणला, मग माणूस. डब्यात सोयाबीन होतं, आंबवलेलं, चमच्यानं उचललं की तारा सुटणारं. तिच्या ओळखीचा जपानी माणूस हे रोज सकाळी भातावर घालून खातो म्हणे. आमच्या मुकुंदवाडीच्या घरात वरणाला तार सुटली की ते मोरीत जातं. मी डबा नाकाशी नेला आणि झाकण लावून फ्रिजमध्ये पार मागं सारला.

माझी लेक अजिंठ्याला जपानी पर्यटकांना लेणी समजावून सांगते. हा माणूस तिथल्या चित्रांच्या नकला काढायला आलेला, फर्दापूरला खोली घेऊन राहिलेला. "आई, आम्हाला लग्न करायचंय, पण तू हो म्हटल्याशिवाय नाही," असं तिनं सांगून टाकलं होतं. तिचे वडील गेल्यापासून हो-नाही म्हणणारी मी एकटीच, आणि माझं मन काही त्या माणसावर बसत नव्हतं.

"कच्चा मासा खातो का गं ह्यो?"

"खातो."

"आन् अंडं?"

"तेपण कच्चंच. गरम भातावर फोडून."

"अगं, मटण आपण बी खातो, पण शिजवून! तुला तिकडं काय खाऊ घालतील त्याचा नेम नाय."

ती हसली. मला हसू येईना. एवढं हळू बोलणारा, कमरेत वाकून नमस्कार करणारा माणूस काहीतरी लपवत असणारच, अशी माझी खात्री होती.

तरी रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. खोटं कशाला सांगू, पारखायलाच बोलावलं. येसर आमटी मुद्दाम झणझणीत केली. क्रांती चौकातल्या एका चायनीजच्या गाड्यावरून लाकडी काड्या मागून आणल्या. पाहुण्याची गैरसोय केली असं उद्या ऐकायला नको. भाताची मूद पाडली, वर तूप सोडलं. काड्या ताटात ठेवल्या तर आमटीत लोळतील, म्हणून दोन्ही मुदीत सरळ उभ्या रोवल्या. मला तर छान दिसल्या.

ताट पुढं ठेवताच तो थबकला. लेकीचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, तोच त्यानं त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटून तिला थांबवलं. मी मनात म्हटलं, बघ, आलं बाहेर. आपलं अन्न बघून तोंड वाकडं झालं.

मग त्यानं काड्या अलगद काढल्या, ताटाबाहेर आडव्या ठेवल्या, हात जोडले आणि हातानंच जेवायला लागला. बोटांतून भात सांडत होता. आमटीची वाटी तोंडाला लावून असा भुरका मारला की शेजारी ऐकू जावा. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी.

"तिकडं आवाज केला की जेवण आवडलं असं समजतात," लेक म्हणाली.

हेही नाटक असेल, असं मला वाटलं. पण दुसरी वाटी त्यानं मागून घेतली. ताटात शीत उरलं नाही.

तो फर्दापूरच्या गाडीला गेल्यावर मी लेकीला धरलं. "काड्या का काढल्या त्यानं? खरं सांग."

ती ताटं घासायला बसली. मग म्हणाली, "आई, तिकडं भातात काड्या उभ्या रोवतात ते गेलेल्या माणसासाठी. तसा भात त्याच्या उशाशी ठेवतात."

हिच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला पितरांचं उलटं ताट मीच वाढलं होतं. तसं ताट कुणी माझ्यापुढं ठेवलं असतं तर मी भरल्या पानावरून उठले असते आणि साऱ्या भावकीत बोभाटा केला असता.

"तवा तुला काय म्हनला त्यो?"

"म्हणाला, त्यांना कळू देऊ नकोस. सकाळपासून रांधतायत."

"मंग सांगितलंस कशाला, भवाने?" मी ओरडले. लाज मला वाटत होती आणि राग तिच्यावर निघत होता.

फ्रिजमधून तो डबा काढला. उरलेल्या भातावर चमचाभर सोयाबीन घेतलं. तारा हनुवटीला चिकटल्या. वाईट लागलं, लई वाईट. तरी गिळलं.

"पुढच्या रविवारी परत बोलव," मी तोंड पुसत म्हणाले. "जावयाला सांग, या बारीला ताट नीट वाढते."